पंचहौदावरचा चहा आणि एक राहिलेलं उत्तर

रोज सकाळी फिरायला निघाले की कर्वे पुतळ्यापाशी मी दोन मिनिटं थांबते. थोडं गुडघ्यांसाठी, थोडं अण्णासाहेबांसाठी. परवा तिथेच उभी असताना भाच्याचा फोन आला. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत मी काहीतरी बोलले होते, ते फिरत फिरत त्याच्या कानावर गेलं होतं.

"मावशी, तू कशाला त्या ख्रिश्चन लोकांची बाजू घेत बसतेस? गोव्यात त्यांनी काय केलं ते तूच आम्हाला लहानपणी सांगितलंस ना?"

फोनवर वाद घालणं मला जमत नाही. शिवाय कर्वे रोडवर सकाळी साडेसातला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही! "सावकाश लिहून कळवते," म्हटलं आणि फोन ठेवला. तर हे ते लिहिणं. तो वाचेलच, पण तुम्हीही सगळ्यांनी वाचावं असं वाटतं.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नकोत. माझ्या घरात रोज देवपूजा होते, चातुर्मासात पोथी असते, एकादशीला माझा उपास असतो. माझा धर्म बदलायचा विचार नाही आणि या वयात मला कुणी बदलायला येईल असंही नाही. तरीही हा विषय गेली चाळीस वर्षं माझ्या मनात सलतो आहे, आणि त्याचं कारण मी स्वतःच आहे.

१९८२-८३ ची गोष्ट असेल. मी तेव्हा शहरातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. नववीचा वर्ग, समाजसुधारकांचा धडा. बोलता बोलता मी म्हणून गेले, "दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य वाटलं आणि गोरगरिबांना बाटवलं." हे वाक्य पुस्तकात नव्हतं. ते माझ्या पदरचं होतं. आमच्या आधीच्या शिक्षकांनी आम्हाला सांगितलं, मी पुढे सांगितलं, इतकंच. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नगर जिल्ह्यातली, वडिलांच्या बदलीमुळे त्याच वर्षी पुण्यात आलेली. शांतपणे म्हणाली, "बाई, माणूस बाटतो म्हणजे काय होतं? माझे पणजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले होते."

वर्गात खसखस पिकली. मी म्हणाले, "तास संपल्यावर ये, सांगते." तास संपल्यावर ती आली नाही आणि मीही तिला बोलावलं नाही. वर्षभर ती विचारलं तेवढ्याचं उत्तर देत राहिली. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची पुन्हा बदली झाली.

असो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचलं, ते आज थोडं मांडते.

'बाटणे' हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला आणि देवघरातला. सोवळं बाटतं, पाणी बाटतं, भांडं बाटतं. म्हणजे कुणाचा तरी स्पर्श होतो आणि वस्तू वापरायच्या लायकीची राहत नाही. यात त्या भांड्याला कुणी काही विचारत नाही. तोच शब्द आपण माणसाला लावला. एखाद्याने विचार करून, वाचून, रात्र-रात्र तळमळून काही ठरवलं असेल ही शक्यताच त्या शब्दात नाही. तो बाटला, म्हणजे त्याचं काहीतरी झालं. त्याने काही केलं असं नाहीच!

आता पुण्यातलाच एक प्रसंग घ्या. ऑक्टोबर १८९०. आपल्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे, ते उंच मनोऱ्याचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. तिथे एका व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता पेला हाती घेतला आणि खाली ठेवला. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि गावात आग लागल्यासारखं झालं. मिशनमध्ये, ख्रिस्त्यांच्या हातचा चहा!

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशीला माणसं नेमली गेली, साक्षी झाल्या, ग्रामण्य उभं राहिलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि तेही मुख्यतः आपल्यामुळे मित्रांचे हाल नकोत म्हणून. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचल्यात तर त्या वेळचा घरातला ताण कळेल. ज्या घरावर ग्रामण्य असेल त्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, मुलीचं लग्न ठरत नसे, माहेरी आलेल्या लेकीला सासरी परत घेतील की नाही याची धास्ती असे.

हे सगळं चहाच्या एका पेल्यासाठी, आणि रानडे-टिळकांसारख्या माणसांच्या बाबतीत. मग ज्याने खरोखरच धर्म बदलला असेल, त्याचं काय होत असेल?

त्याचीही उदाहरणं आपल्याच मातीतली आहेत. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. बारा वर्षांच्या पोराच्या बाबतीत मला हा निकाल योग्यच वाटतो. लहान मूल आईबापांचं. पण खरी गंमत पुढे आहे. ज्या समाजाला मुलगा परत हवा होता, तोच समाज आता त्याला पंक्तीला घ्यायला तयार होईना, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता! 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मध्ये पडले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणाले, तर खुद्द बाळशास्त्र्यांनाच वाळीत टाकण्याची भाषा झाली. म्हणजे त्या पोराला जायलाही बंदी आणि परत यायलाही बंदी.

अशा माणसांच्या बाजूने काही ठोस झालं ते १८५० साली. त्या वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने ठरवलं की कुणी धर्म सोडला किंवा कुणाला जातीबाहेर काढलं, तरी तेवढ्यावरून त्याचा मालमत्तेवरचा आणि वारशाचा हक्क बुडणार नाही. बंगालमधून आणि मद्रासकडून याविरुद्ध अर्ज गेले. मिशनऱ्यांच्या सोयीसाठी केलेला कायदा, असा आरोप झाला. इंग्रज सरकारचा हेतू शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. पण कायद्याचे शब्द बघा. जातीबाहेर टाकलेला माणूस हिंदूच राहिला असला तरी हे संरक्षण त्यालाही होतं. मला यातून एक गोष्ट उमगली. धर्म बदलणाऱ्याला राखणारा कायदा हा धर्मात राहून भांडणाऱ्यालाही राखतो.

याचा पुरावा हवा असेल तर आमच्या कर्वे पुतळ्यापाशी चला.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, तेव्हा त्यांचं वय चोवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा नुकताच गेलेला, कडेवर लहान मनोरमा. पुराणं मुखोद्गत असलेल्या या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. पुण्याने तिला डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याने डोक्यावरून खाली उतरवलं ते असं की बाई परत वर चढल्याच नाहीत.

पण थांबा. रमाबाईंनी काही चर्चपुढेही मान तुकवली नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. पटल्याशिवाय मी कुठलंही मत मान्य करणार नाही, बिशप म्हणाले म्हणून तर नाहीच, असा त्यांचा सूर आहे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं वरच्या धर्माधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, त्यावरही त्या भांडल्या. इकडे शास्त्रीबुवा म्हणत, बाई, तुला काय कळतं! तिकडे बिशप साधारण तेच म्हणत होते.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईला शारदासदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींनी शिकावं, आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. यावरून 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला हेही खरं.

यात बरोबर कोण आणि चूक कोण? मी शिक्षिका आहे, म्हणून मला पालकांची बाजू कळते. शिकायला पाठवलेली मुलगी दुसरंच काही होऊन परत येईल ही भीती खोटी नव्हती. आणि शिक्षकाचं वजन मुलांवर किती असतं, ते त्या नववीच्या वर्गाने मला शिकवलंच आहे. रमाबाईंनी दार लावून घेतलं असतं तर? असंही माझ्या मनात येतं. पण ज्या मुली घरी नेल्या, त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं का? त्या घरी गेल्या म्हणजे पुन्हा त्या कोपऱ्यात, त्या आलवणात गेल्या. त्यांचा धर्म वाचवला म्हणणाऱ्यांनी त्यांना पुन्हा पाटी-पेन्सिल दिली असं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि हे बघा, याच शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ च्या मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्वे नावाच्या प्राध्यापकाशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली, सगळ्यांची बाया कर्वे. मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं. पुढे १९०० साली अण्णांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली आणि त्यातून कर्वेनगर उभं राहिलं. आमच्या कोथरूडच्या मुली आज ज्या रस्त्याने कॉलेजला जातात, त्या रस्त्याची एक वाट अशी त्या 'बाटलेल्या' बाईच्या अंगणातून आलेली आहे. अण्णासाहेबांना भारतरत्न मिळालं १९५८ साली, वयाच्या शंभरीत. रमाबाई तोवर जाऊन छत्तीस वर्षं झाली होती.

दुसरी बाई मला फार जवळची. लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या यजमानांनी, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता! लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. या बाईचं करायचं काय? पुढची जवळजवळ पाच वर्षं ताटातुटीत, ओढाताणीत गेली. काही काळ पंढरपुरात, नातेवाइकांच्या आधाराने, लहानग्या दत्तूला घेऊन. शेवटी त्या आपण होऊन नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण आपलं सोवळं-ओवळं सांभाळून, आपल्या धर्मात राहून. टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही. मग एके दिवशी त्यांच्याच मनाने प्रश्न विचारला की ही जात देवाने केली की माणसाने, आणि त्या कुणाच्याही हातचं जेवायला तयार झाल्या. बाप्तिस्मा १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या निर्णयाने.

'स्मृतिचित्रे' मी किती वेळा वाचलं असेल ते सांगता येणार नाही. आमच्या बी.ए.च्या वर्गात सर त्यातले विनोद सांगायचे आणि आम्ही हसायचो. वय वाढल्यावर कळलं की त्या बाईला दोघांनीही विचारलं नव्हतं. नवऱ्याने धर्म बदलताना नाही आणि नातेवाइकांनी तिला अडकवून ठेवतानाही नाही. तिने आपला निर्णय आपल्या वेळेला घेतला. धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त नीट समजावलं.

आता भाच्याचा गोवा. टाळणार नाही.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याच काळात साष्टी-बारदेशातली देवळं पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांची कुलदैवतं अशी रातोरात नदीपलीकडे गेलेली आहेत. उघडपणे लग्न लावायला, सण करायला बंदी आली. हे मी मुलांना शिकवलं आणि पुन्हा शिकवीन. त्यातलं एक अक्षर मला पुसायचं नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हा शिकवायची विसरले. त्या न्यायपीठापुढे मुख्यतः उभे केले जात ते बाप्तिस्मा घेतलेले लोक. ख्रिस्ती झाल्यावर घरात चोरून जुनी चाल पाळली म्हणून. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर नवख्रिस्त्यांनी अंगणात तुळस ठेवू नये इथपर्यंत बारीक मनाई आहे. म्हणजे त्या सत्तेने आधी माणसाला हिंदू राहू दिलं नाही, आणि मग त्याच्या मनाजोगता ख्रिस्तीही होऊ दिलं नाही. आणि याच गोव्यात, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापलं गेलं, मराठीचं कौतुक करत! एकाच चर्चमधली ही दोन माणसं, एक तुळस उपटणारा आणि एक ओवी रचणारा.

पुण्याचं ग्रामण्य आणि गोव्याचं न्यायपीठ यांची तुलना होऊ शकत नाही. इथे पंचगव्य होतं, तिथे तुरुंग आणि चिता होती. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. माणसाच्या मनावर मालकी कुणाची? गोव्यात जे झालं ते वाईट का, तर माणसाच्या मनावर दुसऱ्याने मालकी सांगितली म्हणून. हे एकदा मान्य केलं की मग माझ्या सोसायटीतल्या कुटुंबाच्या बाबतीत मला वेगळा न्याय लावता येत नाही रे बाबा. पोर्तुगीज इन्क्विझिटरने केलेल्या पापाचा हिशेब मी संगमनेरच्या आजीकडे कशी मागू?

राहिला धान्याचा मुद्दा, तो माझा वर्गातला. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, म्हणजे छप्पनचा दुष्काळ. अमेरिकन मराठी मिशन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून होतं. दुष्काळांनंतर महार-मांग समाजातली पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली हे खरं. रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात सुमारे दोन हजार बायका-मुली सांभाळल्या. भुकेल्या माणसाला भाकरीबरोबर धर्म देणं मला आजही रुचत नाही. तिथे देणाऱ्याने फार जपलं पाहिजे.

पण घेणाऱ्याबद्दल मी जे बोलले ते चुकीचं होतं. माझ्या बोलण्यात असं गृहीत होतं की गरिबाला पोट असतं, मन नसतं. ना. वा. टिळकांनी धर्म बदलला तर ते 'विचारवंत', आणि त्या मुलीच्या पणजोबांनी बदलला तर ते 'बाटले'. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला त्याच्या शेजारी बसून कुणी लिहायला शिकवलं, तर त्याच्या मनात काही विचार आलाच नसेल? शिवाय तो सौदा असेल तर फार तोट्याचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठरल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित त्यात नाहीत. यावर विचार करायला २०२२ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. पिठाच्या लोभाने आलेले असते, तर ही माणसं कधीच परत फिरली असती.

आपल्याकडे या प्रश्नावर सगळ्यात मोकळं बोलून गेले ते जोतीराव फुले. त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात निघालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. आईने बौद्ध धर्म पसंत केला, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी आणि मुलाने सार्वजनिक सत्यधर्म. आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात गोडीने राहावं. हे आजसुद्धा वाचताना आपण दचकतो. आमच्या घरात शाकाहारी-मांसाहारी सुनेवरून महिना महिना अबोला असतो!

घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ ला या विषयावर जोरात चर्चा झाली. धर्म पाळण्याचा हक्क ठीक, पण त्याचा प्रसार करण्याचाही? काहींचा कडाडून विरोध होता. कन्हैयालाल मुन्शी तो शब्द ठेवा म्हणाले. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर आपण ख्रिस्ती संस्थांत वर्षानुवर्षं शिकलो, पण आपल्याला कुणी धर्म बदलायला सांगितलं नाही, असं भर सभेत सांगितलं. शब्द राहिला. तेच आजचं पंचविसावं कलम. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे. ओडिशाने १९६७ मध्ये, मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरीच्या आणि आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले, नंतर इतरही राज्यांनी केले. बळजबरी नको हे मलाही शंभर टक्के मान्य. पण स्वतःहून धर्म बदलणाऱ्या प्रौढ माणसाला कचेरीत जाऊन आपलं मन खरं असल्याचा दाखला द्यावा लागणं, हे मला त्या ग्रामण्याच्या चौकशीसारखंच वाटतं. आपलं मन खरं आहे हे कुणी कागदावर कसं सिद्ध करायचं?

आणि जग बघा. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. त्याच्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे. सौदी अरेबियाला ते मान्य नव्हतं, त्यांनी मतदानच केलं नाही. पाकिस्तानचे जफरुल्ला खान मात्र कुराणाचा आधार देऊन त्या कलमाच्या बाजूने बोलले. जफरुल्ला स्वतः अहमदिया पंथाचे. १९७४ मध्ये त्यांच्याच देशाने त्यांच्या पंथाला मुसलमान मानायचं नाही असं ठरवलं. त्याच देशात आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईची कहाणी सुरू झाली ती पाण्यावरून. शेतात काम करताना तिने ज्या पेल्याने पाणी प्यायलं, तो बायकांच्या लेखी विटाळला. भांडण झालं, ईशनिंदेचा आरोप आला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे गव्हर्नर सलमान तासीर आणि मंत्री शाहबाज भट्टी २०११ मध्ये मारले गेले. ती सुटली २०१८ मध्ये. पंचहौदावरचा चहाचा पेला आणि शेतातला पाण्याचा पेला! मला तर वाचताना काटा आला.

आपल्याकडेही ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या ग्रॅहॅम स्टेन्सना त्यांच्या दोन लहान मुलांसह गाडीत जाळलं. त्यांच्या पत्नीने, ग्लॅडिस यांनी, मारेकऱ्यांना क्षमा केली. २००८ मध्ये कंधमालला आधी स्वामी लक्ष्मणानंदांची हत्या झाली आणि मग गावंच्या गावं पेटली. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. एक सांगून दुसरी झाकणारा इतिहासाचा शिक्षक कसला?

आता आमच्या सोसायटीचं. तिसऱ्या मजल्यावर एक मराठी ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहायला आलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि संगमनेरकडची एक आजी. गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं जमायची, पेटी-तबला, टाळ, अभंगाच्या चालीवरची भजनं. डोळे मिटून ऐकलं तर आपल्याच भजनी मंडळात बसल्यासारखं वाटे. सभेत विषय निघाला. "इथे धर्मांतरं चालतात," एक जण म्हणाले. मालकाला सांगून त्यांना काढा असा सूर लागला. माझ्या पोटात गोळा आला होता, पण मी उभी राहिले. विचारलं, "आपल्यापैकी कुणाला त्यांनी धर्म बदल म्हणून सांगितलं? हात वर करा." एकही हात वर आला नाही. "मग आवाजाचा नियम करा, दहाचा करा, नऊचा करा, पण तोच आमच्या भजनी मंडळाला आणि गणपतीलाही लावा." कुणीतरी हसून म्हणालं, "बाई, तुम्ही भोळ्या आहात." ठराव काही झाला नाही. मला वाटलं, जिंकले!

कसलं काय. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर मालकाने तो वाढवला नाही. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मीही नाही. ठराव न करताही काम झालं होतं.

जायच्या आदल्या दिवशी आजी माझा डबा परत द्यायला आल्या. दिवाळीत मी त्यातून करंज्या दिल्या होत्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही पद्धत त्यांचीही. आत शेंगदाण्याची चटणी होती. दारातच उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "बाई, आमच्या हातचं चालतं ना?"

१८९० सालापासून सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि सत्तरी ओलांडलेल्या एका बाईला माझ्या दारात हा प्रश्न विचारावा लागला. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, आणि आम्ही दोघींनी चटणी-पोळी खाल्ली. एवढंच मी करू शकले. त्यांचं घर राहिलं नाही ते नाहीच.

ती नगरची मुलगी आता पंचावन्नच्या पुढे असेल. कुठे आहे माहीत नाही. तिला तास संपल्यावर द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहून ठेवते. माणूस बाटत नाही गं. चूक माझ्या शब्दात होती, तुझ्या पणजोबांची नव्हती. आणि वर्ग हसला तेव्हा मी त्यांना गप्प बसवायला हवं होतं.

आणि भाच्या, पुढच्या रविवारी ये. तुझा वाद अजून संपलेला नसणार, माझाही नाही. डबा आणलास तर रिकामा आणू नकोस.